क्लीन कोलच्या सेंटरला पीएचडी करायची आहे, तिथला हेड कसा आहे हे कसं ओळखायचं?

हिंगणा_केमिकल
नमस्कार, मी नागपुरातच केमिकलमध्ये एमटेक करून राहिली आहे आणि पुढे कोल गॅसिफिकेशनवरच (कोळसा पूर्ण न जाळता त्याचा गॅस करणं) पीएचडी करायचं पक्कं आहे. कोळसा कमी प्रदूषणात वापरण्यावर काम करणाऱ्या दोन क्लीन कोल सेंटरशी बोलणं चालू आहे. एका सेंटरचे हेड पूर्ण कॉम्प्युटर मॉडेलिंगवाले, पेपर भरपूर. दुसरे आयुष्यभर पॉवर प्लांटमध्ये राहिलेले, पेपर मोजकेच. घरचे म्हणतात नाव मोठं तिकडे जा. पण हेड कसा असला की कोळशावर खरंच काम होतं? या लाईनमधल्यांनी प्लीज सांगा.

बॉयलर_काका
बेटा, कोराडी-खापरखेडाच्या वीज केंद्रांत नोकरी झाली माझी म्हणून सांगतो. हेडना पहिला प्रश्न हाच विचार, की सर, तुमच्या लॅबमध्ये कोळसा कुठला जाळता? आपला गोंडवानाचा (मध्य-पूर्व भारतातल्या खाणींचा) कोळसा म्हणजे ३० ते ४५ टक्के राख, आणि ती राख कोळशात इतकी बारीक मिसळलेली असते की धुवूनही पुरती निघत नाही. चांगला कमी राखेचा कोळसा वापरून काढलेले आकडे आपल्या बॉयलरला काय कामाचे? ज्याने बॉयलरमध्ये क्लिंकर (वितळून घट्ट झालेल्या राखेचं ढेकूळ) पडताना पाहिला, ट्यूब लीकेजचा शटडाऊन घेतला, त्याला हे सांगावं लागत नाही. माझं मत प्लांटवाल्याकडे.

राख_आणि_गॅस
काकांचं कोळशाबद्दल शंभर टक्के बरोबर, पण हेडबद्दल थोडं वेगळं वाटतं. मी याच क्षेत्रात रिसर्च करतो. बाहेरचे बरेच मोठे गॅसिफायर राख वितळवून स्लॅग म्हणून काढतात, आपली राख भरपूर आणि वितळायला चिवट, म्हणून आपल्याकडे फ्लुइडाइज्ड बेडवर (खालून हवा सोडून कोळशाचे कण तरंगते ठेवायचे) भर. तिथे तापमान राख वितळण्याच्या खाली ठेवतात, मग राखेबरोबर न जळलेला कार्बन जास्त जातो, आणि तो कसा कमी करायचा हे मॉडेल आणि अनुभव दोन्हीशिवाय सुटत नाही. भेल या सरकारी वीज-यंत्र कंपनीने हैदराबादला जास्त राखेच्या कोळशापासून रोज पाव टन मेथेनॉल करणारा पायलट प्लांट चालवला, त्यात गॅसिफायरवाले, गॅस साफ करणारे, कॅटॅलिस्टवाले सगळेच लागतात. बंगळूरच्या आयआयएससीतलं क्लीन कोल सेंटर सुपरक्रिटिकल कार्बन डायऑक्साइडच्या सायकलवर (वाफेऐवजी जास्त दाबाच्या कार्बन डायऑक्साइडने टर्बाइन फिरवणं) काम करतं, तिथे टर्बाइन, हीट एक्स्चेंजर आणि मटेरियलवाले लागतात. हे सगळं एका माणसाला येणं शक्यच नाही, त्यामुळे हेडला स्वतःला काय येत नाही हे माहीत आहे का आणि ते येणाऱ्याला त्याने शेजारी बसवलंय का, एवढं बघ. रिग (प्रयोगाचा संच) चालवणाऱ्या टेक्निशियनशी अर्धा तास बोल, रिग सलग किती तास चालते ते विचार. रिग वर्षभर बंद असेल तर पेपर कितीही असू देत, मी जाणार नाही.

कोराडी_रोड
मी इंजिनिअर नाही, पण आमच्या गच्चीवर राख येते म्हणून विचारते, या 'क्लीन'मध्ये पारा आणि राखेचे तलाव धरतात का? आपल्या कोळशात गंधक तसं कमी आहे असं ऐकलंय, पण राखेचं काय? असा विचार करणारा कोणी सेंटरमध्ये असायलाच हवा ना जी. नागपुरात १९५८ पासून नीरी ही पर्यावरण संशोधन संस्था आहे, तिथले लोक जोडून घेणारा हेड मला तरी आवडेल.

राख_आणि_गॅस
ताई, धरायलाच हवं. आणि गॅसिफिकेशनने कार्बन डायऑक्साइड गायब होत नाही, फक्त दाबाखालच्या गॅसमधून तो पकडणं सोपं जातं. पकडलेला ठेवणार कुठे, हे पण हेडला विचारायलाच पाहिजे.

हिंगणा_केमिकल
खूप थँक्यू सगळ्यांना. काका, दोन्हीकडे कोळसा कुठल्या खाणीचा येतो ते मेलवर आजच विचारते, आणि व्हिजिटला गेले की आधी रिगवर जाते. राखेचं काम तिथे कोण बघतं तेही विचारून इथेच लिहीन.