हॅलोवीनची संध्याकाळ आणि पोरांचं ‘पहिल्यांदा’

३१ ऑक्टोबरला पोरं सोंगं घेऊन ‘ट्रिक ऑर ट्रीट’ म्हणत दारोदार खाऊ मागतात, तो हॅलोवीन. ड्रेस कोणता घेतला, किती कँडी जमली, ते फोटोंत दिसतंच. मला पोरांनी पहिल्यांदाच केलेली, फोटोत न आलेली बारकीशी गोष्ट ऐकायची आहे. सुरुवात मीच करते.

लेक अडीच वर्षांची, मधमाशी झालेली. आठवडाभर ‘ट्रिक ऑर ट्रीट’ घोकून घेतलं होतं. पहिल्या दारात तोंडाला कुलूप. दुसऱ्या दारातही तेच. तिसऱ्या घरच्या आजींनी वाडगा पुढे केला, हिने एक चॉकलेट उचललं, वळली, दोन पायऱ्या उतरली. मग काय वाटलं कोण जाणे, परत वर चढली आणि बंद झालेल्या दाराला म्हणाली, “टिकोटीट.” दाराला टाटाही केला.

*टोरांटोहून*

इथलं गणित वेगळं. ड्रेस दोन साइझ मोठा घ्यायचा, कारण आत जॅकेट मावलं पाहिजे. आमचा बॅटमॅन दरवर्षी पोट सुटलेला असतो. चौथ्या वर्षी त्याने त्या जॅकेटची चेन पहिल्यांदा स्वतः लावली. पंधरा मिनिटं लागली. आम्ही दोघं बूट घालून दारात घामाघूम, पण हात लावायची सोय नव्हती.

*कॅलिफोर्नियातला एक बाबा*

मुलाला शेंगदाण्याची ॲलर्जी. घरातून कुटाचा डबा हद्दपार होऊन सहा वर्षं झाली (साबुदाण्याची खिचडी कुटाशिवाय करून बघा, मग माझं दुःख कळेल). हॅलोवीनची कँडी म्हणजे धाकधूक. त्या चिमुकल्या वेष्टनांवर बऱ्याचदा घटकांची यादीच नसते, ती असते मोठ्या पिशवीवर, आणि पिशवी त्यांच्या घरात. म्हणून नियम एकच: घरी येऊन सगळं तपासल्याशिवाय तोंडात काही टाकायचं नाही.

काही घरांबाहेर निळसर-हिरवा रंगवलेला भोपळा असतो. त्याचा अर्थ, इथे खाऊऐवजी पेन्सिल, स्टिकर, चेंडू असलं काहीतरीही मिळेल. पोरगं लांबूनच ओरडतं, “बाबा, माझ्या रंगाचा भोपळा!”

गेल्या वर्षी एका घरी असा भोपळा नव्हता. वाडग्यात सगळी शेंगदाण्याचीच चॉकलेटं. एपिपेनची (ॲलर्जीचा जोराचा झटका आला तर द्यायच्या इंजेक्शनची) पिशवी माझ्या खांद्याला. नेहमीसारखं सांगायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात हाच त्या बाईंना म्हणाला, मला शेंगदाणे चालत नाहीत, दुसरं काही आहे का? त्या आत गेल्या आणि एक संत्रं घेऊन आल्या. सात वर्षांचा आहे. संत्रं दोन दिवस उशाशी होतं.

*डब्लिनहून*

आम्ही हॅलोवीनच्या माहेरीच राहतो म्हणायचं. सावन (Samhain, आपला श्रावण नव्हे) या जुन्या केल्टिक सणातून तो इथेच उगवला. इथे या दिवसांत बार्मब्रॅक खातात, मनुका घातलेला गोड पाव. आत अंगठी लपवलेली असते. जिच्या तुकड्यात निघेल तिचं लग्न लवकर होणार. ती आमच्या चार वर्षांच्या बाईंना मिळाली. आपल्याला मिळालेली वस्तू आपण होऊन दुसऱ्याला देऊ करण्याची ही पहिलीच वेळ: व्हिडिओ कॉलवर सांगलीच्या आजीला म्हणाली, “आजी, तुला ठेवते. तुझं लग्न होणार!” आजोबा शेजारीच बसले होते.

*डॅलसहून*

२०२४ मध्ये नरक चतुर्दशी आणि हॅलोवीन एकाच दिवशी, ३१ ऑक्टोबरला. पहाटे उटणं, संध्याकाळी चेटकिणीची टोपी. कारीट इथे कुठून आणणार, छोटी काकडी चिरडली. मुलीने हॅलोवीनच्या कोरलेल्या भोपळ्यातला बॅटरीचा दिवा काढला आणि पणती ठेवली, स्वतः वळलेल्या पहिल्या वातीची. वात कसली, कापसाचं सुरवंट. तेल भराभर प्यायली, काजळी धरली, भोपळ्याला आतून मिशा आल्या. पण तासभर तेवली.

*न्यू जर्सीहून*

आमचा बारा वर्षांचा. “आई, या वर्षी तू घरीच थांब,” म्हणाला. थांबले. आठच्या सुमारास बेल वाजली. चार सांगाडे. त्यातल्या एकाचे बूट मीच धुतलेले. ओळख न देता “थँक यू, मॅम” म्हणून कँडी घेतली. मीही निमूट दिली, त्याला दोन जास्त. पोरं निघाली, तसा मागे राहून मुखवट्यातून हळूच मराठीत म्हणाला, “भात लाव. चौघं येतोय.”