बाहेरच्यांनी का बोलू नये?

'अमेरिकेनं काय करावं ते तिथले मतदार बघतील, आपण बाहेरच्यांनी बोलू नये' असं काहीजण म्हणतात, ते मला पटत नाही. घरचा कारभार घरच्यांनी बघावा, इथवर ठीक. पण परराष्ट्र धोरणाचा मार मुळात कुंपणापलीकडच्यांवर पडतो, आणि त्यांना तिथं मतदान नसतं.

मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरचा. महाराष्ट्र-कर्नाटक सीमाप्रश्नावर लांबचा कुणी बोलला तर 'तू कोण?' असं आम्ही विचारत नाही. या वादासाठी नेमलेल्या महाजन आयोगाचा अहवाल वाचलास का, एवढंच विचारतो.

१ नोव्हेंबर १९५६ ला आमचा भाग म्हैसूर राज्यात (आजच्या कर्नाटकात) गेला. त्याच आठवड्यात सुएझ कालव्यासाठी ब्रिटन-फ्रान्सची विमानं इजिप्तवर बॉम्ब टाकत होती. नेहरूंनी स्पष्ट शब्दांत निषेध केला, आणि तो योग्यच होता. पण ४ नोव्हेंबरला सोव्हिएत रणगाडे हंगेरीची राजधानी बुडापेस्टमध्ये घुसले, तेव्हा संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेतल्या ठरावावर भारत तटस्थ राहिला. हे मला आजही खुपतं. बाहेरचे म्हणून आपण गप्प बसलो नव्हतो, इजिप्तसाठी बोललोच होतो की! आणि बुडापेस्टचे लोक तर त्या दिवशी रेडिओवरून बाहेरच्यांनाच हाका मारत होते.