मदत हवी आहे: जुन्या दुनळी बंदुकीच्या गंजलेल्या नळ्यांना घरी ब्लूइंग करता येईल का?

कुळागरकर:

नमस्कार मंडळी. गोव्यात सत्तरी तालुक्यात आमचं कुळागर आहे. सुपारी, केळी, थोडी मिरी. रानडुकरांना पिटाळायला बाबांच्या नावावर पीकसंरक्षणाचा परवाना आहे आणि त्यावर आजोबांच्या वेळची बारा बोरची दुनळी. निवडणुकीच्या वेळी नियमाप्रमाणे जमा केली होती. परत मिळेपर्यंत पाऊस लागला होता आणि नळ्यांवर तांबूस गंज चढला होता. बाबांना ते बघवलं नाही. ही बंदूक त्यांनी उभ्या आयुष्यात तेलाचा हात फिरवल्याशिवाय कधी कपाटात ठेवलेली नाही.

राकेल आणि सगळ्यात बारीक स्टील वूल घेऊन वरवरचा गंज आम्ही हलक्या हाताने काढला. आता दस्त्याकडच्या बाजूला मूळचा निळसर काळा रंग, म्हणजे ब्लूइंग, शाबूत आहे. मधल्या भागापासून तोंडापर्यंत मात्र करडं पोलाद उघडं पडलंय आणि डाव्या नळीवर टाचणीच्या टोकाएवढे खड्डे आहेत. आतून दोन्ही नळ्या लख्ख. खालच्या अंगाला एका अंडाकृती चौकटीत ई-एल-जी अशी रोमन अक्षरं आहेत, म्हणजे बंदूक बेल्जियमच्या लिएजची.

एका ओळखीच्या कारागिराने कॉस्टिक सोड्याच्या उकळत्या द्रावणात बुडवून काळी करून देतो म्हणून सांगितलं. मला ते पटेना. दोन्ही नळ्या आणि मधली पट्टी शिसं-कथलाच्या सोल्डरने जोडलेल्या असतात, आणि कॉस्टिक दोन्ही धातूंना खातं असं वाचलं. बाजारात मिळणारं कोल्ड ब्लू पुसून लावायला सोपं, पण तो रंग वरवरचा, हाताच्या घामाने जातो. राहता राहिलं रस्ट ब्लूइंग, म्हणजे मुद्दाम गंज धरवून तोच काळा करणं. ते घरी जमेल का? आणि इथल्या पावसाळी हवेचा त्यात फायदा होतो की तोटा?

जुनं लोखंड:

कॉस्टिकला नाही म्हणालात ते उत्तम केलंत. त्या टाकीतलं द्रावण साधारण 140 अंशांच्या आसपास असतं. नुसत्या उष्णतेने सोल्डर वितळणार नाही, पण क्षार सांध्यात शिरून ते पोखरतात. वर ते अंगावर उडालं तर कातडी सोलवटते. घराच्या पडवीत करायचं काम नव्हे.

रस्ट ब्लूइंग दुनळीला चालतं. नळी ॲसिटोनने पुसून तेलाचा अंशही ठेवायचा नाही, मग रस्टिंग सोल्यूशनचा, म्हणजे गंज धरवणाऱ्या द्रावणाचा, अगदी पातळ हात द्यायचा. काही तासांत बारीक, एकसारखा तांबडा गंज धरतो. मग नळ्या उकळत्या पाण्यात धरायच्या. तिथे तांबड्या गंजाचा काळा ऑक्साइड होतो, तो मऊ तारेच्या ब्रशने घासला की वरची काजळी निघून खाली रंग उरतो. हे पुन्हापुन्हा करत गेलं की रंग गडद होतो. पाणी बॅटरीत घालतात ते डिस्टिल्डच घ्या, नळाच्या पाण्याने डाग पडतात. थंड देशांतले कारागीर गंज धरायला मुद्दाम दमट पेटी बनवतात; तुम्हाला श्रावणातली पडवी पुरे. तोटा एकच: गंज फार भराभर धरतो, म्हणून नळ्या रात्रभर विसरून चालणार नाही.

आता त्याहून महत्त्वाचं. पॉलिश पेपर नंबरावर आणि शिक्क्यांवर अजिबात फिरवू नका. ओळखचिन्ह पुसणं हा शस्त्र कायद्याच्या कलम 8 खाली गुन्हा आहे. दुरुस्तीचं काम कलम 5 खाली परवान्याचं आहे, तेव्हा हात लावण्याआधी परवानाधारक शस्त्रविक्रेत्याला दाखवाच. परवाना बाबांचा आहे, म्हणून न्यायची झाली तर ते सोबत हवेत किंवा त्यांची लेखी परवानगी खिशात हवी.

दोन गोष्टी बघून सांगा. शिक्क्यांत पीव्ही अशी रोमन अक्षरं आहेत का? ती नसतील तर बंदूक धूरविरहित दारूसाठी (आजच्या काडतुसांत असते ती) तपासलेली नसावी, मग रंग बाजूला ठेवा, आधी ती चालवणंच थांबवा. दुसरं, नळ्या सुट्या करून दोरीने टांगा आणि लाकडी दांडीने हळूच टिचकी मारा.

कुळागरकर:

दादा, मनापासून आभार. पीव्ही आहे, वर सिंहासारखं काहीतरी कोरलंय. टांगून वाजवून पाहिलं. तोंडापासून दोन बोटं अंतरावर मारलं तर खणखणीत आवाज येतो आणि लांबतो. मधे, खड्डे आहेत त्याच्या जवळ, मात्र आवाज फाटल्यासारखा येतो, बारीक झणझण ऐकू येते.

जुनं लोखंड:

मग घरी उकळू नका. झणझण म्हणजे बहुतेक पट्टी तिथे सुटलीय. उकळतं पाणी त्या फटीतून दोन नळ्यांच्या मधे जाईल, बाहेर पडायला वाट नाही, आणि वरून सुंदर काळी दिसणारी नळी आतल्या अंगाने गंजत राहील, तीही दिसणार नाही अशा जागी. आधी परवानाधारक आर्मररकडून, म्हणजे बंदुका दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडून, पट्टी पुन्हा सोल्डर करून घ्या आणि खड्ड्यांच्या जागी भिंतीची जाडी मोजून घ्या. रंग त्यानंतर, शक्यतो त्याच्याकडूनच. तोवर नळ्यांना तेलाचा पातळ हात द्या आणि चामड्याच्या पिशवीत ठेवू नका, पावसाळ्यात चामडं ओल धरतं. सुती कापडात गुंडाळून कुलूपबंद कपाटात ठेवा, सोबत सिलिका जेलच्या पुड्या.

कुळागरकर:

बाबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, आधी पट्टी. या आठवड्यात दोघं मिळून पणजीला घेऊन जातो. आर्मररने जाडी मोजली की आकडा इथेच टाकतो.