खाऱ्या वाऱ्यात टिकेल असा मोटरसायकलचा साइड रॅक स्वतः तयार करायचा आहे

प्रश्न: पंपवाला, शृंगारतळी

नमस्कार. गुहागर तालुक्यात मी शेतीचे आणि घरगुती पाण्याचे पंप दुरुस्त करतो. बहुतेक विहिरी रस्त्यापासून आत, पाखाडी (दगडी पायऱ्यांची वाट) उतरून वाडीच्या टोकाला असतात. तिथे टेम्पो जात नाही, त्यामुळे सगळी हत्यारे मोटरसायकलवरूनच न्यावी लागतात. गाडी १२५ सीसीची, बीएस-सहा आहे. दोन्ही बाजूंना एकेक पत्र्याची पेटी लावायची असून पाइप पाने, चेन पाना, फूटव्हॉल्व्ह (विहिरीतल्या पाइपच्या तळाशी बसणारी झडप) आणि सुटे भाग धरून एका पेटीत साधारण १२ किलो वजन होते. आठवड्यातून काही वेळा धोपावे ते दाभोळ फेरीबोटीनेही जाणे होते आणि तिथे गाडीवर खाऱ्या पाण्याचे तुषार येतात.

बाजारातून आणलेला तयार रॅक दुसऱ्या पावसाळ्यात शॉकअपच्या वरच्या बोल्टाजवळ तडकला. रंग चांगला दिसत होता. फक्त वेल्डिंगच्या टाक्याच्या कडेने केसाएवढी एक तांबूस रेघ उमटली होती आणि रॅक हाताने ओढून पाहिल्यावर ती रेघ उघडली. आता नवीन रॅक स्वतःच बनवण्याचा विचार आहे. माझ्याकडे आर्क वेल्डिंगचे मशीन, हँड ग्राइंडर आणि ड्रिल आहे, आणि पाइप वाकवण्याचे मशीन मागून मिळते. एकजण म्हणतो की १२ एमएमची भरीव सळई वापरा, ती कधी मोडणार नाही. दुसरा म्हणतो की जिन्याच्या रेलिंगचा स्टीलचा पाइप घ्या, म्हणजे गंजाचा प्रश्नच उरणार नाही. नक्की काय वापरावे, गाडीला कुठे धरावे आणि रंग कोणता द्यावा, हे जाणकारांनी सविस्तर सांगावे.

उत्तर: यंत्रशिक्षक, रत्नागिरी

सळईचा सल्ला मनापासून दिलेला असणार, पण आकडे त्याच्या बाजूने नाहीत. १२ एमएमच्या भरीव लोखंडी सळईचे वजन मीटरला सुमारे ०.८९ किलो भरते. बाहेरून २५ एमएम व्यासाच्या आणि १.६ एमएम जाडीच्या पाइपचे वजन मीटरला ०.९२ किलो, म्हणजे जवळजवळ तेवढेच. असे असूनही वाकण्याला हा पाइप सळईच्या जवळपास आठ पट विरोध करतो, आणि कायमचा वाकण्याआधी पावणेचार पटींहून अधिक भार घेतो. याचे कारण असे की वाकताना धातूचे खरे काम मध्यापासून दूर असलेल्या भागात होते आणि मधला भाग जवळजवळ बिनकामाचा राहतो. म्हणून जाडी वाढवण्यापेक्षा व्यास वाढवणे नेहमी फायद्याचे ठरते. १९ एमएमचा पाइप १.६ ऐवजी २ एमएम जाडीचा घेतला तर ताठपणा सहाव्या हिश्श्याइतका वाढतो, पण १.६ जाडीच कायम ठेवून व्यास १९ वरून २५ एमएम केला तर तो जवळपास अडीच पट होतो.

पेटीत १२ किलो असले तरी खड्ड्यात चाक आदळते त्या क्षणी रॅकवर त्याच्या दोन-तीन पट भार येतो, हेही लक्षात घ्यावे. तरीही आपला आधीचा रॅक एखाद्या मोठ्या धक्क्याने मोडलेला दिसत नाही. तांबूस रेघ आधी दिसली आणि तडा नंतर उघडला, याचा अर्थ तो थकव्याने, म्हणजे लहान लहान हेलकाव्यांनी हळूहळू गेला. असे तडे जवळजवळ नेहमी वेल्डिंगच्या टाक्याच्या कडेला सुरू होतात, कारण तिथे आकार एकदम बदलतो आणि ताण एकवटतो. म्हणून बोल्टाचे भोक आणि टाका शेजारी-शेजारी ठेवू नयेत. बोल्टासाठी ५ एमएमची पट्टी घ्यावी, ती पाइपच्या अंगाने लांबवर वेल्ड करावी आणि कोपऱ्यात त्रिकोणी आधारपट्टी द्यावी.

सर्वांत महत्त्वाची सूचना डाव्या आणि उजव्या रॅकला जोडणाऱ्या आडव्या पाइपची आहे. बहुतेक रॅकमध्ये नेमका हाच पाइप गाळलेला असतो. तो नसेल तर प्रत्येक बाजू स्वतंत्रपणे आत-बाहेर हलते आणि तो सगळा हेलकावा वरच्या बोल्टावर येतो. नंबर प्लेटच्या मागून, मडगार्डला न लागता, एक आडवा पाइप दोन्ही बाजूंना बोल्टाने जोडला की हे हलणे जवळजवळ थांबते.

उत्तर: बंदरावरचा वेल्डर, मालवण

वरच्या उत्तरातील सगळे मान्य आहे, फक्त जाडीबाबत माझे मत वेगळे आहे. १.६ एमएमचा पाइप आर्क मशीनने जोडताना हात थोडा थांबला तरी भोक पडते, आणि ते बुजवण्यासाठी टाक्यावर टाका घातला की जोड जाड दिसतो पण आतून कच्चा राहतो. आपण २ एमएमचा पाइप घ्यावा. मीटरला वजन १.१३ किलो होईल. पूर्ण रॅकला चार-पाच मीटर पाइप लागला तरी जास्तीचे वजन एक किलोच्या आसपास असेल, आणि त्या बदल्यात जोड खात्रीचे मिळतील. वेल्डिंगचा रॉड अडीच एमएमचा घ्यावा आणि करंट कमी ठेवून आधी टाकाऊ तुकड्यावर हात बसवून घ्यावा.

आता रेलिंगच्या पाइपबद्दल. बाजारात रेलिंगसाठी जो चकचकीत पाइप मिळतो तो बऱ्याच वेळा २०२ या स्वस्त स्टेनलेस ग्रेडचा असतो. त्यात महाग निकेल कमी करून मँगेनीज वाढवलेले असते आणि समुद्रकाठी त्यावर लवकर तांबूस डाग पडतात. चुंबक लावून ३०४ हा त्याहून चांगला ग्रेड ओळखता येतो असे अनेकजण समजतात, पण २०२ देखील चुंबकाला जवळपास दाद देत नाही, त्यामुळे त्या परीक्षेला अर्थ नाही. ३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते. ३१६ मध्ये त्याशिवाय दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम असते आणि खाऱ्या पाण्यात खरा टिकतो तो ३१६, म्हणून बोटीवरच्या कामाला आम्ही तोच पसंत करतो. मात्र क्लॅम्पच्या खाली, वॉशरच्या खाली, जिथे हवा पोहोचत नाही आणि मीठ साचून राहते, तिथे ३१६ लाही खड्डे पडतात. शिवाय स्टीलच्या टाक्याभोवती जो निळा-जांभळा पट्टा उमटतो तो पिकलिंग पेस्ट (आम्लाचा लेप) लावून काढावा लागतो, नाहीतर गंज तिथूनच सुरू होतो. ज्या ग्राइंडरच्या चकतीने आधी साधे लोखंड घासले आहे तीच स्टीलवर फिरवली, तर लोखंडाचे कण स्टीलमध्ये रुततात आणि पहिल्याच पावसात त्यावर लाल ठिपके येतात.

आपल्याकडे जी साधने आहेत ती पाहता साधा लोखंडी पाइप घेऊन त्याला व्यवस्थित रंग देणे हाच मार्ग मला योग्य वाटतो. लोखंडाला तडा जाऊ लागला तर गंजाची रेघ आधी सूचना देते, आणि दुरुस्ती कुठल्याही गावात होते. जीआय, म्हणजे जस्ताचा थर दिलेला पाइप मात्र घेऊ नका. त्यावरचे जस्त जळून जो पांढरा धूर निघतो त्याने ताप भरतो, आणि जोडाच्या आतल्या बाजूचे जस्त जळून जाते ते कुणाला दिसतही नाही.

कोकणात रॅक गंजतो तो बहुधा आतून. पाइपची तोंडे बंद केली म्हणजे पाणी आत जात नाही असे वाटते, पण आर्कच्या टाक्यात सुईच्या टोकाएवढी छिद्रे राहतात. उन्हात तापलेला पाइप पावसाने एकदम थंड झाला की त्या छिद्रांतून दमट हवा आत ओढली जाते आणि पुन्हा बाहेर पडायला तिला वाट मिळत नाही. म्हणून प्रत्येक पाइपच्या सर्वांत खालच्या बिंदूला ५ एमएमचे भोक ठेवावे आणि रंगकाम झाल्यावर आत पातळ केलेले मेण किंवा गंजरोधक तेल ओतून, पाइप फिरवून, जास्तीचे निथळू द्यावे. पुढे रॅक हॉट डिप गॅल्व्हनाइझिंगला पाठवायचा झाला तर ही भोके असावीच लागतात. साडेचारशे अंश सेल्सिअसच्या वितळलेल्या जस्तात बंद पाइप बुडवला तर आत अडकलेल्या ओलाव्याची वाफ होऊन तो फुटू शकतो.

रंगाबाबत एकच गोष्ट आग्रहाने सांगतो. घासून स्वच्छ केलेला पाइप रात्रभर पडवीत ठेवून सकाळी रंग देऊ नका. रात्रीत त्यावर डोळ्यांना न दिसणारे मीठ बसते आणि ते रंगाखाली राहिले की काही महिन्यांत फोड येतात. घासावे, गोड्या पाण्याने धुवावे, पूर्ण कोरडे करावे आणि त्याच दिवशी, दुपारच्या उन्हात, दोन भागांचा जस्तयुक्त इपॉक्सी प्रायमर लावावा. त्यावर इपॉक्सीचा एक थर आणि वरून पीयू (पॉलियुरेथेन) रंग द्यावा. नुसत्या रेडऑक्साइडवर किनाऱ्यावर भरवसा ठेवू नये. बोटींना माल पुरवणाऱ्या दुकानांत हे सगळे मिळते. आणि हे काम पावसाळ्यात काढूच नका.

उत्तर: सागरी मार्ग, दापोली

रॅकची बनावट वर आली आहेच. गाडीवर बसवण्यासंबंधी काही गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

गाडीच्या मूळ फ्रेमला भोक पाडू नये आणि तिच्यावर वेल्डिंगही करू नये. मोटर वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये गाडीतील बदलांवर निर्बंध आहेत. बोल्टाने बसणारा आणि बोल्ट काढून उतरवता येणारा रॅक ही त्या मानाने सुरक्षित वाट आहे, तरीही विमा कंपनीला आणि आरटीओत आधी विचारून घ्यावे. अनेकजण रॅकला जागा व्हावी म्हणून साडी गार्ड काढून टाकतात, ते मुळीच करू नये. केंद्रीय मोटर वाहन नियम १९८९ मधील नियम १२३ नुसार मागे बसणाऱ्यासाठी हाताची पकड, पाय ठेवायची जागा आणि मागचे चाक किमान अर्धे झाकणारे संरक्षण गाडीवर असलेच पाहिजे. साडी गार्ड तसाच ठेवून रॅक त्याच्या बाहेरून न्यावा.

धरण्याच्या जागा प्रत्येक बाजूला दोन ठेवाव्यात, एक मागच्या पकडीच्या बोल्टाला आणि दुसरी मागच्या फुटरेस्टच्या ब्रॅकेटला. तिसरा आधार वर सांगितलेला आडवा पाइप देईल. शॉकअपच्या वरच्या बोल्टावर पट्टी चढवणे शक्यतो टाळावे. पट्टीच्या जाडीने नटाला मिळणारे आटे कमी होतात, आणि नटाबाहेर बोल्टाचे दोन आटे दिसत नसतील तर तो नट भरवशाचा नाही. बोल्ट ८ एमएमचे, ८.८ ग्रेडचे घ्यावेत, नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेले, हादऱ्याने सैल न होणारे) लावावेत आणि साधारण २५ न्यूटन मीटरपर्यंत आवळावेत. मात्र गाडीच्या स्वतःच्या आट्यांत जाणाऱ्या बोल्टांना कंपनीच्या पुस्तकात दिलेलाच आकडा पाळावा. स्टीलचा बोल्ट ॲल्युमिनियमच्या भागात जात असेल तर आट्यांना अँटीसीझ (आटे जाम होऊ न देणारा लेप) लावावे, कारण खाऱ्या ओलाव्यात हे दोन धातू एकमेकांना लागले की ॲल्युमिनियम पांढरे पडून खाल्ले जाते आणि बोल्ट कायमचा अडकतो.

पेट्या जितक्या पुढे आणि खाली नेता येतील तितक्या न्याव्यात. वजन मागच्या चाकाच्या आसाच्या मागे गेले की चढावर पुढचे चाक हलके पडते, आणि कुंभार्लीसारख्या घाटात ओल्या वळणावर ते लगेच जाणवते. त्याच वेळी मागे बसणाऱ्याच्या टाचेला, सायलेन्सरला आणि किकला जागा उरते का, हे पुठ्ठ्याची पेटी करून बांधून पाहावे. मागच्या सीटवर दोघांना बसवून, शॉकअप पूर्ण दबलेला असताना, साखळीचे कव्हर आणि चाक रॅकला कुठे लागते का तेही तपासावे. इंडिकेटर झाकले जात असतील तर तारा लांबवून ते पेटीच्या बाहेरच्या बाजूला आणावेत. पेट्यांची एकूण रुंदी हँडलच्या रुंदीपेक्षा कमीच ठेवावी, म्हणजे जिथून हँडल जाईल तिथून गाडी जाईल. आपल्या पाखाड्यांवर दोन्ही बाजूंना चिऱ्याचे गडगे असतात, तिथे याचा फार उपयोग होतो.

प्रश्नकर्त्याचे उत्तर: पंपवाला, शृंगारतळी

सर्वांचे मनापासून आभार. २५ एमएमचा २ एमएम जाडीचा लोखंडी पाइप आणि मागून आडवी जोड, हे नक्की केले. काम दिवाळीनंतर, हवा कोरडी झाल्यावर काढतो. एक शंका उरते. पाइप गाडीवरच धरून टाके मारावेत, म्हणजे माप चुकणार नाही, असे इथल्या एका कारागिराचे म्हणणे आहे. ते योग्य आहे का?

उत्तर: बंदरावरचा वेल्डर, मालवण

गाडीवर वेल्डिंग करू नये. १ एप्रिल २०२० पासून आलेल्या बीएस-सहा गाड्यांत बहुधा फ्युएल इंजेक्शन आणि ईसीयू (इंजिन चालवणारा इलेक्ट्रॉनिक डबा) असतो, आणि वेल्डिंगचा करंट भलत्या वाटेने गेला तर तो ईसीयू निकामी होऊ शकतो. पेट्रोलची टाकीही हातभर अंतरावर असते. त्याऐवजी १८ एमएमचे प्लायवूड घ्यावे आणि गाडीवरच्या बोल्टांच्या जागा पुठ्ठ्यावर उतरवून प्लायवूडवर तशीच भोके पाडावीत. जे बोल्ट एका पातळीत नाहीत त्यांच्याखाली योग्य उंचीचे ठोकळे लावावेत. बोल्टाच्या पट्ट्या त्या भोकांत आवळाव्यात आणि पाइप त्यांच्यावर बसवून आधी फक्त ठिपक्यांचे टाके मारावेत. मग रॅक काढून गाडीवर बोल्टाने लावून पाहावा. सगळे बोल्ट हाताने, जोर न लावता, आत गेले तरच तो पुन्हा प्लायवूडवर आवळून पूर्ण टाके घालावेत. टाके समोरासमोरच्या बाजूंना आलटून-पालटून घ्यावेत, नाहीतर पाइप एका अंगाला ओढला जातो. एखादा बोल्ट बसत नसेल तर रॅक ताणून बसवू नये. ताणून बसवलेल्या रॅकच्या टाक्यावर गाडी उभी असतानाही भार असतो, आणि हेलकाव्यांचा भार त्यावर वरून येतो. अशा वेळी ठिपके कापून पट्टी नव्याने लावावी. उजव्या बाजूसाठी तेच प्लायवूड उलटे करून वापरण्याआधी गाडीच्या दोन्ही बाजूंचे बोल्ट खरोखर सारख्या अंतरावर आहेत का, ते मोजून घ्यावे. सायलेन्सरच्या बाजूचे फुटरेस्टचे ब्रॅकेट काही गाड्यांत वेगळ्या आकाराचे असते.