रिटायर झाल्यावर जप सुरू केलाय पण मन काय बसंना

कृष्णाकाठ६३ (सांगली)
नमस्कार मंडळी. वय ६३, सरकारी नोकरी झाली, पोरगा पुण्यात, घरात मी आणि मिसेस दोघंच. आयुष्यभर देवधर्म म्हणजे चतुर्थीला गणपती मंदिरापुढं गाडी स्लो करून हात जोडायचे आणि ऑफिस गाठायचं, एवढंच. आता वेळच वेळ आहे तर म्हटलं काहीतरी मनापासनं करूया, म्हणून चार महिने झाले पहाटे उठून 'श्रीराम जय राम जय जय राम' च्या अकरा माळा करतोय. पण खरं सांगू का, तिसऱ्या माळेला पेन्शनच्या एरिअर्सचा हिशोब सुरू होतो, पाचवीला दूध गॅसवर ठेवलंय का ते आठवतं आणि शेवटच्या दोन तर नोटा मोजल्यासारख्या उरकतो. मिसेस म्हणते तुम्ही जप नाही, ड्युटी करताय. उशीर झालाय का मला? का हे लहानपणापासनंच लागतं?

निवृत्त_मास्तर (सातारा)
एरिअर्स सगळ्यांनाच आठवतात हो 😄 मी जपाच्या वाटेला गेलोच नाही, दासबोध घेतला. २० दशक, प्रत्येकात १० समास, म्हणजे २०० झाले, रोज एकच वाचायचा, साडेसहा महिन्यात होतो. दुसऱ्या दशकाचा पहिलाच समास मूर्खलक्षणांचा. पेन्सिल घेऊन बसलो, आपल्याला लागू पडतंय तिथं खूण करत गेलो, मग पुस्तक बायकोला दाखवलं तर तिनं अजून चार खुणा केल्या. शाळेत ३० वर्षं पोरांना अक्कल शिकवली आणि हे असं. आता तिसऱ्यांदा वाचतोय, खुणा काय फारशा कमी झाल्या नाहीत.

माणदेशी_ताई
भाऊ, मालक गेल्यावर मी पण माळ घेऊन बसायचे, नुसतं रडू यायचं. मग जाऊबाई गोंदवल्याला घेऊन गेल्या. गोंदवलेकर महाराज १९१३ ला गेले पण तिथलं अन्नदान अजून चालू आहे, तिथं बायकांच्यात भाजी निवडायला बसले. हात मेथी निवडतायत, शेजारची हळू आवाजात नाम घेतीय, कधी मी पण घ्यायला लागले कळलंच नाही, पाटीभर मेथी संपली तेव्हा लक्षात आलं की आज रडलो नाही आपण. तुम्ही चार दिवस मोजायचं बंद करा की.

पूरग्रस्त_नास्तिक (सांगली)
मी देव मानत नाही तरी लिहितो. २०१९ च्या ऑगस्टात आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हा आम्हाला बोटीतनं काढलं, अंगावरच्या कपड्यांनिशी. परत आलो तर चाळीस वर्षं जपलेल्या फायली, सर्टिफिकेटं, लग्नाचा अल्बम, सगळ्याचा लगदा. तो चिखल फावड्यानं ओढताना पहिले दोन दिवस शिव्या घातल्या, तिसऱ्या दिवशी काय झालं माहीत नाही, एकदम हलकं वाटायला लागलं. तेव्हापासनं रोज सकाळी घाटावर जाऊन अर्धा तास बसतो. मागायचं काही नाही, मोजायचं तर नाहीच. याला अध्यात्म म्हणा नाहीतर रिकामपण म्हणा, मला फरक पडत नाही.

कृष्णाकाठ६३
नास्तिक साहेब, कुठल्या घाटावर असता सांगा, उद्या येतो. मास्तर, पेन्सिल मिसेसच्या हातात द्यायचं धाडस नाही माझ्यात. ताई, पुढच्या आठवड्यात विटा-मायणी करत गोंदवल्याला निघायचं ठरलंय. हे मिसेसला वाचून दाखवलं तर ती म्हणते प्रॅक्टिस घरीच करा की, आणि पावट्याच्या शेंगांची पाटी पुढ्यात आणून ठेवलीय. सोलतोय.