गच्ची, ड्रोन आणि पहाटेची हवा
(सोसायटीच्या ग्रुपवरची चर्चा; नावांऐवजी फ्लॅट नंबर)

*सी-९०२:* नमस्कार मंडळी. पावसाळ्याआधी आपल्या खारघरच्या गच्चीवरून कॅमेरा ड्रोन १०० मीटर वर न्यायचा, खाडीकडून येणारे ढग टिपायचे आणि जमलं तर तापमान-आर्द्रताही मोजायची, असं डोक्यात आहे. ड्रोन २४९ ग्रॅमचा, म्हणजे नॅनो (२५० ग्रॅमपर्यंतचा गट). परवानगीची भानगड नाही ना?

*ए-१४०१:* काका, नॅनोला पायलट सर्टिफिकेट आणि थर्ड पार्टी विमा लागत नाही, हे खरं. पण जागेचा नियम वजन बघून बदलत नाही. डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन पोर्टलचा नकाशा उघडा. चालू विमानतळाच्या कुंपणापासून ८ किमीपर्यंत हिरवा पट्टा नसतोच. ८ ते १२ किमीत ६० मीटरपर्यंत हिरवा, त्याच्या वर पिवळा, म्हणजे एटीसीची (हवाई वाहतूक नियंत्रणाची) परवानगी. त्यापलीकडे हिरव्यात १२० मीटर. नवी मुंबई विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ पासून विमानं उडतायत, त्यामुळे 'खारघरमध्ये ड्रोन बिनधास्त' छापाचे जुने व्हिडिओ आता बाद.

*सी-९०२:* सेक्टर १२ मधून ६० मीटरही नाही?

*ए-१४०१:* आपण ८ किमीच्या आत, परवानगीशिवाय शून्य. आणि अजून एक. उंची जमिनीपासून धरतात. आपली गच्ची ७२ मीटरवर, तिथून १०० वर गेलात की झाले १७२. कंट्रोलरवर मात्र टेक-ऑफपासूनचे १०० च दिसतात. टॉवरवरून उडवणारे नेमके इथे फसतात.

*सचिव:* पोलीस आयुक्तालयाचे मनाई आदेशही अधूनमधून निघतात, ते वेगळे. सोसायटीच्या गच्चीवरून उडवायला कमिटीची संमती मिळणार नाही, हे आत्ताच सांगून ठेवतो.

*बी-५०४:* ढगांचं म्हणाल तर १०० मीटरवर जाऊन फार काही हाती लागत नाही. ढगाचा तळ काढायचा सोपा हिशोब: तापमान वजा दवबिंदू, गुणिले १२५. जूनमध्ये २९ आणि २५ असेल तर तळ साधारण ५०० मीटर. ड्रोन त्याच्या जवळपासही जात नाही, आणि ढगात घुसवायचा तर नाहीच, कारण तो सतत डोळ्यांना दिसला पाहिजे. ढग गच्चीवरून मोबाइलच्या टाइमलॅप्समध्ये छान येतात. ट्रायपॉड लावा, एक्स्पोजर लॉक करा, ५ सेकंदाला एक फोटो. पावसाची सर कुठून सरकतेय हे बघायला कुलाबा आणि वेरावलीची रडार आहेतच.

*डी-१८०३:* ताईंशी सहमत. पहिल्या १०० मीटरांत बघण्यासारखी खरी गोष्ट ढग नाही, तापमानाचा थर आहे. हिवाळ्यात पहाटे तळोजा एमआयडीसीकडचा वास खाली साचून राहतो ना, ते त्यामुळेच. एरवी कोरड्या, ढवळलेल्या हवेत १०० मीटरला साधारण १ अंश उतरतो. म्हणजे गच्ची बागेपेक्षा ०.७ ने थंड हवी. पहाटे उलट गच्चीच उबदार निघाली, तर वर झाकण बसलंय आणि धूर खालीच कोंडतोय असं समजा. हे मोजायला ड्रोन कशाला? ७२ मीटरचा खांब आपल्याकडे बांधून तयार आहे!

*सी-९०२:* पटलं. दोन सेन्सर, एक बागेत, एक गच्चीवर?

*डी-१८०३:* हो, पण एकाच जातीचे. एसएचटी३१ घ्या, अचूकता ±०.२ अंश. बीएमई२८० ची चूक १ अंशापर्यंत जाते. आपल्याला शोधायचा फरकच ०.७ चा, तिथे तो कुचकामी. तो हवेचा दाबही मोजतो, ते मात्र कामाचं: ७२ मीटरला साधारण ८ हेक्टोपास्कल कमी दिसला की लॉगर (नोंदी ठेवणारा डबा) जागच्या जागी आहे याची खात्री. दोन्ही सेन्सर आधी २४ तास एकाच सावलीत शेजारी-शेजारी ठेवा, त्यांच्यातला फरक लिहून घ्या आणि पुढे कायम तो वजा करा. ही पायरी लोक गाळतात, मग महिनाभराचा डेटा फुकट.
ऊन-पावसापासून ढाल म्हणून कुंडीखालच्या पांढऱ्या प्लास्टिकच्या ७ बशा उपड्या, मध्ये १५ मिमी फट, तीन आटेदार सळ्यांवर. वरच्या दोन अख्ख्या, बाकीच्यांना मधोमध भोक, सेन्सर तिथे लटकवा. बागेतला दीड मीटरवर, हिरवळीवर, पेव्हरपासून लांब. गच्चीवरचा स्लॅबच्या ३ मीटर तरी वर, कारण स्लॅब रात्रभर उष्णता सोडत असतो. लिफ्ट मशीनरूम आणि एसीच्या आउटडोअर युनिटपासून दूर. ईएसपी३२ (रीडिंग नोंदवणारा छोटा बोर्ड) ढालीच्या बाहेर वेगळ्या डबीत, नाहीतर बोर्डाचीच ऊब मोजत बसाल. मिनिटाला एकच रीडिंग.
डबी बंद करताना व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन वापरू नका, त्याच्या वाफेने आर्द्रतेचा सेन्सर बिघडतो.

*बी-५०४:* जुलैत आर्द्रता दिवसचे दिवस ९९-१०० वर अडकून दिसेल. बहुतेक वेळा सेन्सर ओला झालेला असतो, वाळला की जागेवर येतो. लगेच नवा मागवू नका.

*सी-९०२:* मग ड्रोनचं काय करू? लोणचं घालू? 😄

*ए-१४०१:* मुरबाडकडे मोकळ्या रानात न्या. नकाशावर जागा हिरवी आहे का, ते त्याच दिवशी बघायचं. मालकाला विचारा. पण सेन्सर बांधला की वजन २५० च्या वर गेलं, म्हणजे ड्रोन मायक्रो झाला. वजन लादलेल्या सामानासकट धरतात. मग नोंदणी क्रमांकासोबत थर्ड पार्टी विमाही हवाच. किचनच्या काट्यावर बॅटरीसकट तोलून बघा.

*डी-१८०३:* बांधायचा तो पाठीवर, मध्यावर. पोटाखाली नको, तिथे खाली बघणारे सेन्सर झाकले जातात आणि लँडिंग चुकतं. पाठीवर पंख्यांनी ओढलेली ताजी हवाही मिळते. ऊन लागू नये म्हणून पांढरी टोपी. जीपीएस अँटेनावर धातूची पट्टी नको. ईएसपी३२ चं वायफाय बंद करून मेमरीत लॉग करा, नाहीतर २.४ गिगाहर्ट्झवर कंट्रोलरशी भांडण.
चढताना सेकंदाला १ मीटर, दर २० मीटरला ४० सेकंद थांबा. उतरतानाचा डेटा फेकून द्या, त्या वेळी ड्रोन स्वतःच ढवळलेल्या हवेतून येतो. बॅटरी ३५ टक्क्यांवर आली की परत. सूर्योदयानंतरची पहिली २० मिनिटं सोन्यासारखी. सांताक्रूझचा सकाळी ५:३० च्या वेळेचा हवामानाचा फुगा काय म्हणतो तेही ताडून बघा: वायोमिंग विद्यापीठाच्या साइटवर केंद्र ४३००३.

*ए-१४०१:* वाऱ्याचं बघा. या वजनाचे बरेच ड्रोन १०.७ मी/से, म्हणजे ताशी ३८ किमीपर्यंत तग धरतात. खाली १० मीटरवर २२ असेल तर १०० मीटरवर दीडपट ते पावणेदोनपट, म्हणजे ३३ ते ३८. खाली २० च्या वर वारा असला की बॅग उघडायचीच नाही. दुसरं, एसी गाडीतून काढून लगेच उडवू नका. लेन्सवर आणि आतही दव धरतं. २० मिनिटं बॅगेतच राहू द्या.

*बी-५०४:* वळवाच्या पावसात तर अजिबात नाही. पाऊस पडायच्या आधी थंड वारा भसकन येतो, तोच ड्रोन घेऊन जातो. वीज दिसल्यापासून गडगडाटापर्यंत ३० सेकंदांहून कमी वेळ लागला, म्हणजे वीज १० किमीच्या आत. सगळं टाकून आत जायचं, शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं बाहेर नाही. विजेचा इशारा देणारं दामिनी अॅप चालू ठेवा. गच्चीवर टाइमलॅप्स लावणाऱ्यांनाही हेच लागू.

*बी-११०२:* आणि कॅमेरा कुठे वळतोय? समोरच्या विंगची बाल्कनी फ्रेममध्ये नको. मोबाइलचा असो की ड्रोनचा.

*सी-९०२:* ताई, क्षितिजाच्या वरच रोखतो. खालची पट्टी क्रॉप करून मगच इथे टाकेन.

*सचिव:* ठीक. दोन सेन्सर आणि एक मोबाइल, एवढ्याला हरकत नाही. गच्चीवरचा खांब पाण्याच्या टाकीच्या शिडीला बांधू नका, प्लंबरला ती लागते. पॅरापेटच्या बाहेर काही लटकवायचं नाही. वायर कोणत्या पॉइंटवरून घेणार तेवढं कळवा, चावी वॉचमनकडे सांगून ठेवतो.

*डी-१८०३:* वायर नको. १८६५० हा रिचार्ज होणारा सेल आणि छोटं सोलर पॅनल. शनिवारी दोन्ही सेन्सर माझ्या खिडकीत जोडीने ठेवतो, रविवारी वर चढवू.