आलेखाचं ‘भाषांतर’ आणि वाय-इंटरसेप्टला शब्द

अनुवादिका : अकरावीच्या गणिताचा एक धडा मराठीत करतेय. यंत्राला दिला तर ‘कार्याच्या आलेखाचे भाषांतर केल्यास वाय-अवरोध बदलतो’ असं आलं! फंक्शनचं ‘फल’ केलं, ट्रान्सलेशनचं (आलेख आहे तसा उचलून दुसरीकडे नेण्याचं) ‘स्थानांतरण’. इंटरसेप्ट (आलेख उभ्या वाय-अक्षाला मिळतो तिथला आकडा) अडलाय.

माजी मास्तर : अंतःखंड. विषय संपला.

सातारकर : संपला कसला? खंड म्हणजे तुकडा. इंटरसेप्ट −५ आला की उणे पाच लांबीचा तुकडा दाखवणार का? आणि आमच्याकडे खंड म्हणजे जमीन कसण्याबद्दल मालकाला द्यायचं ते.

काठावर पास : मग ‘वाय-छेद’? दहावीत आंतरछेद होता की.

माजी मास्तर : तो समांतर रेषांनी छेदिकेवर पाडलेला. इथे ‘छेद’ म्हणालात तर पोरं अंश कुठाय विचारतात. मला विचारलंय.

सेमीवाली : आमचे सर मराठीत शिकवायचे, पण ‘इंटरसेप्ट काढ’ असंच म्हणायचे. काही बिघडलं नाही.

रिकामा अभियंता : आधी होतं काय ते बघा. य = क्ष² − ४क्ष + ३. इंटरसेप्ट ३. आलेख दोन घरं वर नेला की ५, सरळ आहे. दोन घरं उजवीकडे नेला तर? निम्मे लोक ‘तोच ३’ म्हणतात. येतो १५! कारण पूर्वी क्ष = −२ वर असलेला बिंदू आता अक्षावर येऊन बसतो. जुना ३ वाला गेला पुढे. म्हणजे तुकडा नाही की छेद नाही, आलेखाची अक्षाशी गाठ पडते ती जागा. ‘वाय-गाठ’ म्हणा. क्ष चं वर्गमूळ एक घर उजवीकडे सरकवलं तर गाठच पडत नाही, वाक्य आपोआप मराठी होतं.

माजी मास्तर : गाठ डॉक्टरला दाखवतात.

सातारकर : गाठ झकास! पण ‘स्थानांतरण’ काढा, बदलीच्या हुकमासारखं वाटतं.

काठावर पास : विस्थापन?

सातारकर : विस्थापित म्हटलं की आम्हाला कोयनेतली गावं आठवतात. आलेखाला ते नको.

सेमीवाली : साधं ‘सरकवणे’ आहे ना!

माजी मास्तर : सरकवणे की सरकावणे?

अनुवादिका : धडा उद्या द्यायचाय हो.

रिकामा अभियंता : सरकवणे. आमची आजी पाट सरकवायची.

माजी मास्तर : आजी कुठल्या?